निवारा आणि घर : एकट्या बेघर माणसाचा प्रश्न

शहरांतील गृहसमस्येविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. परंतु त्या चर्चेत बहुतेक वेळा कुटुंब गृहीत धरलेले असते. घर म्हटले की नवरा, बायको, मुले आणि म्हातारे आईवडील असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ज्याच्यामागे कुटुंब नाही, किंवा असूनही नसल्यासारखे आहे, असा एकटा माणूस या चित्रात कोठेच बसत नाही. तो पदपथावर झोपलेला दिसला, की कोणी त्याची कीव करतो, कोणी त्याला हाकलतो. त्याच्याकडे उद्याचा भाडेकरू म्हणून पाहण्याची कल्पना मात्र सहसा कोणाला सुचत नाही. अशा माणसाला निवाऱ्यापासून स्वतंत्र जीवनापर्यंत जाण्यासाठी कोणते साहाय्य लागते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम संख्येचा विचार करणे योग्य होईल. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जे लोक इमारतीत राहत नाहीत, तर रस्त्याच्या कडेला, पदपथावर, सांडपाण्याच्या मोठ्या नळांत, उड्डाणपुलांखाली, जिन्यांखाली, देवळांच्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहतात, ते बेघर होत. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री त्यांची मोजणी झाली. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर आढळली. त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांत होती. २००१ मध्ये एकूण संख्या १९ लाख ४३ हजार होती आणि शहरांतील संख्या ७ लाख ७८ हजार. म्हणजे दहा वर्षांत देशातील एकूण बेघरांची संख्या घटली, परंतु शहरांतील संख्या वाढली. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून अधिक बेघर नोंदले गेले. याबाबतीत उत्तर प्रदेशानंतर त्याचाच क्रमांक होता. रात्रपाळीला बाजारात माल उतरवणारा हमाल, किंवा पोलिसांच्या भीतीने जागा बदलत राहणारा मजूर अशा मोजणीत सापडणे कठीण असते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

हे लोक कोण असतात? त्यांत भिक्षा मागणारे असतात, परंतु काम करणारेही पुष्कळ असतात. हातगाडी ओढणारे, लग्नसमारंभांत भांडी घासणारे व वाढपी, बांधकामावरील बिगारी, भंगार वेचणारे, सायकलरिक्षा चालवणारे असे ते असतात. त्यांच्याखेरीज काही असे असतात की ज्यांना एखाद्या संस्थेचे दार बाहेरून बंद झालेले असते. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर पडलेला तरुण, शिक्षा भोगून सुटलेला कैदी, रुग्णालयातून बरा होऊन निघालेला पण न्यायला कोणी न आलेला रुग्ण, नवऱ्याने टाकलेली किंवा मुलांनी बाहेर काढलेली स्त्री, हे सर्व एकाच फलाटावर एकमेकांना भेटतात. त्यांच्या कहाण्या वेगवेगळ्या असतात. परंतु अडचणीच्या वेळी ज्याचे दार ठोठवावे असे कोणी नसणे, ही एक गोष्ट त्या सर्वांत समान असते.

अशा माणसांना आळशी किंवा उपद्रवी ठरवणे, ही फार जुनी रीत आहे. मुंबई राज्याने १९५९ मध्ये भिक्षाप्रतिबंधक कायदा केला व पुढे तो दिल्लीलाही लागू झाला. उपजीविकेचे दृश्य साधन नसलेला आणि सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही भिकारी ठरू शकेल, इतकी त्या कायद्यातील व्याख्या विस्तृत होती. दिल्लीपुरत्या त्यातील भिक्षेला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवल्या. त्याआधी, १० जुलै १९८५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात एक महत्त्वाचे तत्त्व मांडले होते. १९८१ च्या पावसाळ्यात पदपथांवरील झोपड्या हटवण्याच्या मोहिमेतून हा खटला उद्भवला होता. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने म्हटले की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे. पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. पावसाळा संपेपर्यंत थांबून झोपड्या हटवण्यास त्याने मुभा दिली. तथापि माणूस पदपथावर राहतो तो काम जवळ असते म्हणून, ही साधी गोष्ट त्या निकालाने देशाच्या कायद्यात नोंदवली गेली. शहराच्या टोकाला बांधलेला निवारा रिकामा का राहतो, याचे उत्तर तिच्यातच आहे.

निवाऱ्यांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत प्रगती झाली, हे मान्य केले पाहिजे. २००९-१० च्या हिवाळ्यात दिल्लीतील एक तात्पुरता निवारा पाडला गेला आणि थंडीचा प्रश्न न्यायालयापुढे आला. अन्नाच्या हक्कासंबंधी २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात चालू असलेल्या खटल्यात, न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी जानेवारी २०१० मध्ये या प्रश्नाकडे लक्ष वेधले. त्यानंतर मोठ्या शहरांत केवळ हिवाळ्यापुरते नव्हे, तर बारमाही निवारे असावेत असे आदेश निघाले. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी स्वतंत्र योजना आली. लोकसंख्येच्या दर एक लाखामागे किमान शंभर माणसांची सोय, प्रत्येकी निदान पन्नास चौरस फूट जागा, आणि दिवसरात्र उघडे राहणारे दार, असे तिचे मान होते. थंडीने किंवा पावसाने होणारे मृत्यू टाळण्यासाठी अशा निवाऱ्यांना पर्याय नाही.

परंतु निवारा म्हणजे घर नव्हे. आपल्या देशात धर्मशाळेची परंपरा मोठी आहे. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी बांधलेल्या धर्मशाळांनी असंख्य गोरगरिबांना छप्पर दिले. पण धर्मशाळेत उतरणारा यात्रेकरू असतो. चार दिवसांनी तो आपल्या गावी परत जातो. ज्याला परत जाण्यासाठी गावच उरलेले नाही, त्याच्यासाठी धर्मशाळा कितीही उत्तम असली, तरी ती मुक्कामाची जागाच राहते. निवारे उभारताना ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. मुक्काम वर्षानुवर्षे लांबतो, खाटा भरलेल्या राहतात, आणि खाट भरलेली आहे यालाच योजनेचे यश मानले जाते.

मग नेमके काय कमी पडते? पन्नाशीकडे झुकलेल्या एका हमालाची कल्पना करावी. तो रोज काम करतो, निदान काम मिळेल त्या दिवशी तरी करतो. मिळालेले पैसे कमरेच्या पिशवीत ठेवून झोपतो. एखाद्या रात्री ती पिशवी कापली जाते, आणि महिन्याची बचत नाहीशी होते. दोनतीनदा असे घडले म्हणजे पैसे साठवण्यापेक्षा ते त्याच दिवशी खाण्यापिण्यात संपवणे त्याला शहाणपणाचे वाटू लागते. बाहेरून पाहणारा त्याला उधळ्या म्हणतो. शिवाय गरिबीत राहणे स्वस्त असते, हाही एक भ्रम आहे. शौचालयाचे पैसे, आंघोळीचे पैसे, चूल नसल्यामुळे दोन्ही वेळा विकतचे जेवण, असा खर्च रोज होतो. जुन्या दिल्लीत तर हिवाळ्यात रात्रीपुरती रजाईदेखील भाड्याने घ्यावी लागे. या सर्वांची बेरीज केली, तर ती एखाद्या लहानशा खोलीतील वाट्याच्या भाड्याजवळ जाऊ शकते. तरीही खोली मिळत नाही. कारण त्यासाठी अनामत रक्कम लागते, ओळखपत्र लागते, आणि ‘हा माणूस माझ्या माहितीचा आहे’ असे सांगणारे कोणी तरी लागते.

या तीन उणिवा, म्हणजे कुलूपबंद जागा, पत्ता आणि ओळख देणारा माणूस, ज्या काळात भरून निघत, त्या काळात एकटा माणूस शहरात येऊनही बेघर होत नसे. याचे उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. गोव्यातून येणारे खलाशी, आचारी आणि वादक यांच्यासाठी त्यांच्या गावांनी धोबीतलाव, माझगाव अशा भागांत ‘कूड’ नावाची वसतिगृहे चालवली. महिन्याला अल्प वर्गणी भरणाऱ्या सभासदाची ट्रंक तेथे सुरक्षित राही, त्याची पत्रे तेथे येत, आणि बोटीवरून परतल्यावर त्याला पथारीपुरती जागा मिळे. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होई व शिस्तीचे नियम सर्वांना पाळावे लागत. कोकणातील गावांच्या गावकीच्या खोल्याही याच धर्तीवर चालत. तेथे जागा अपुरी होती, सुखसोयी तर नव्हत्याच. पण गाव पाठीशी होते. आज पदपथावर झोपणाऱ्या माणसाला असे गाव उरलेले नाही. त्याची जागा कोणत्या तरी सार्वजनिक व्यवस्थेने घेतली पाहिजे. एकट्या बेघर माणसाला द्यावयाच्या साहाय्याचे मर्म हेच आहे.

यांतील पत्त्याचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, आणि काही अंशी तो सोडवण्यातही आला आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे बेघर माणसाला मतदारयादीत नाव नोंदवण्यासाठी घराचा पुरावा द्यावा लागत नाही. अर्जात दाखवलेल्या जागी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून अधिक रात्री जातो, आणि तो माणूस खरोखरच तेथे झोपतो याची खात्री करून घेतो. येथे कागद मागणारी व्यवस्था स्वतः चालत माणसाकडे जाते. आधार नोंदणीच्या नियमांत कागदपत्रे नसलेल्यांसाठी ‘परिचयकर्त्या’ची तरतूद करण्यात आली. २०१४ पासून जनधन योजनेत किमान शिलकीची अट नसलेली खाती उघडली गेली. या तरतुदी कागदावर आहेत म्हणून आपोआप उपयोगी पडत नाहीत. हमालाला एक दिवसाची मजुरी बुडवून कार्यालयात जावे लागते, अर्ज लिहून घ्यावा लागतो, आणि ‘उद्या या’ हे शब्द ऐकूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागते. त्याच्याबरोबर जाणारा एक कार्यकर्ता असला, तर काम तिसऱ्या खेपेस होते. नसला, तर पहिल्या खेपेलाच ते सुटते. म्हणून निवाऱ्यात रखवालदाराइतकीच अशा सोबत्याचीही गरज असते.

यापुढील प्रश्न अधिक वादाचा आहे. माणसाला घर केव्हा द्यावे? पुष्कळ देशांत दीर्घकाळ पायऱ्यांची पद्धत रूढ होती. आधी दारू सोडावी, मग औषधे नियमित घ्यावीत, नंतर नोकरीत टिकून दाखवावे, आणि या पायऱ्या चढून गेल्यावर शेवटी घर मिळावे, असा तिचा क्रम होता. वरवर पाहता हा क्रम न्याय्य वाटतो. परंतु उघड्यावर झोपून दारू सोडणे, गोळ्या सांभाळणे आणि सकाळी वेळेवर कामावर हजर होणे, या गोष्टी घर असलेल्या माणसालाही जमल्या नसत्या. १९९२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने हा क्रम उलटा केला. मानसिक आजार असलेल्या बेघरांना त्यांच्या संस्थेने प्रथम साधी भाड्याची घरे मिळवून दिली, आणि उपचार व इतर साहाय्य घरी नेऊन दिले. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत सुमारे दोन हजार माणसांना घेऊन या पद्धतीची परीक्षा केली. ज्यांना आधी घर मिळाले, ते घरात टिकून राहण्याचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले. व्यसन व आजार यांच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. घर हे औषध नव्हे, हे यावरून दिसते. पण घर मिळाल्याने माणूस बिघडतो, ही भीतीही खोटी ठरते.

फिनलंडने हेच तत्त्व राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले. तेथे १९८५ मध्ये खास एकट्या बेघरांसाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. सर्वसामान्य इमारतींत विखुरलेली छोटी घरे विकत घ्यावयाची आणि ती या लोकांना भाड्याने द्यावयाची, असे त्याचे काम होते. २००८ पासून शासनाने मोठी रात्रवसतिगृहे बंद करून त्यांच्या जागी स्वतंत्र कुलूप असलेल्या खोल्या बांधण्यास आरंभ केला. हेलसिंकीत १९८५ मध्ये वसतिगृहांत दोन हजारांहून अधिक खाटा होत्या. २०१६ मध्ये त्या अवघ्या ५२ उरल्या. भाडेकरार राहणाऱ्याच्या नावे असतो आणि भाडे तो स्वतः भरतो. उत्पन्न कमी पडल्यास शासन भाडे भत्ता देते. हे यशही कायमचे हाती येत नाही. २०२३ च्या अखेरीस त्या देशात ३,४२९ माणसे बेघर होती. एका वर्षाने ती संख्या ३,८०६ झाली. अनेक वर्षांच्या उतारानंतरची ही पहिली वाढ होती, आणि सामाजिक भत्त्यांतील कपातीनंतर ती झाली. आधार काढून घेतला की तोल जातो, हा धडा त्यातून मिळतो.

फिनलंड श्रीमंत व विरळ वस्तीचा देश आहे. त्याचे अनुकरण येथे कसे व्हावे, अशी शंका रास्त आहे. तिचे उत्तर भारतातच, चेन्नईत मिळते. १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी मानसिक आजार असलेल्या निराधार स्त्रियांसाठी ‘द बॅनियन’ ही संस्था सुरू केली. उपचारानंतर पुष्कळ स्त्रिया आपापल्या घरी परतल्या. महाराष्ट्रात कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावरील मनोरुग्णांसाठी असेच काम करीत आली आहे. १९८८ मध्ये आरंभलेल्या या कार्याबद्दल भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण ज्यांना नेण्यास कोणीच नसते, किंवा ज्या स्वतःच परत जाऊ इच्छीत नाहीत, त्यांचे काय करावे? त्यांनी जन्मभर संस्थेत राहावे काय? २०१५ पासून चेन्नईच्या संस्थेने या प्रश्नाचे सरळ उत्तर शोधले. साध्या वस्तीत घर भाड्याने घ्यावयाचे, आणि चारपाच जणींनी तेथे एकत्र राहावयाचे. बाजारहाट, स्वयंपाक, सणवार, शेजाऱ्यांशी बोलणे आणि प्रसंगी भांडणेही त्यांचे त्यांनीच करावयाचे. मदतीसाठी एक साहाय्यक असते. ती पहारेकरी नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने याच विचाराला हक्काचे रूप दिले. केवळ कुटुंब नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणासाठी कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे त्या कायद्यात म्हटले आहे.

किल्ली हातात दिल्याने काम संपत नाही. खरे पाहता ते तेथून सुरू होते. ज्याने वर्षानुवर्षे शंभर माणसांच्या घोरण्यात झोप घेतली, त्याला बंद खोलीतील शांतता पहिल्या रात्री असह्य होऊ शकते. जुने सोबती जेवायला येतात आणि जातच नाहीत. त्यांना नाही म्हणणे म्हणजे कृतघ्नपणा वाटतो. विजेचे बिल, घरमालकाशी बोलणे, आजारपणात एकटे पडणे, हे सर्व नवे असते. पहिल्या काही महिन्यांत आठवड्यातून एकदोनदा कोणी येऊन चहा घेतला, भाड्याची तारीख आठवून दिली, एखाद्या कामात मदत केली, तर पुढची वर्षे सुरळीत जाण्याची शक्यता वाढते. भेटी हळूहळू विरळ व्हाव्यात, पण गरज पडल्यास पुन्हा वाढवता याव्यात. आणि खोली सुटली, तर त्याला दोषी न ठरवता दुसऱ्या खोलीचा विचार व्हावा. कारण घर टिकवणे हेही शिकण्याचे काम आहे, आणि शिकणारा चुकतो. स्वतंत्र जीवन म्हणजे कोणाचीही गरज नसलेले जीवन नव्हे. घर असलेली माणसे रोज शेजाऱ्यांवर, नातेवाइकांवर, वाण्याच्या उधारीवर अवलंबून असतात. पण त्याला कोणी परावलंबन म्हणत नाही.

अखेरीस एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. ज्या देशात पाचसहा जणांची कुटुंबे एका खोलीत राहतात, तेथे एकट्या माणसाला खोली द्यावी काय? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. परंतु प्रत्येकाला स्वतंत्र सदनिका द्यावी, असे कोणी म्हणत नाही. काम करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृहे बांधण्याची केंद्र सरकारची योजना १९७२-७३ पासून आहे; तशी स्वस्त वसतिगृहे मजूर पुरुषांसाठीही बाजारपेठांजवळ असू शकतात. २०२० च्या टाळेबंदीत लाखो मजूर शहरे सोडून पायी निघाले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना मंजूर केली, आणि तिच्यात सामुदायिक शयनगृहांचीही तरतूद होती. जागा लहान असली तरी चालेल, भागीदारीची असली तरी चालेल. मात्र तिला आतून कडी आणि बाहेरून कुलूप असावे, ती कामाजवळ असावी, आणि भाडे वेळेवर भरणाऱ्यास तेथून कोणी उठवू नये. शिवाय खाट, रुग्णालय, पोलीस चौकी आणि पुन्हा खाट, या फेऱ्यात एका माणसावर समाज जन्मभर जो खर्च करतो, तोही हिशेबात धरला पाहिजे.

निवाऱ्याच्या नोंदवहीत माणूस कोणत्या दिवशी आला, हे लिहिलेले असते. तो कोठे गेला, आणि एका वर्षानंतर कोठे राहतो, यासाठी त्या वहीत आणखी एक रकाना असावा. वर उल्लेखिलेल्या हमालाच्या नावापुढे त्या रकान्यात एखाद्या गल्लीचे नाव आणि खोलीचा क्रमांक लिहिता आला, तर त्याला दिलेले साहाय्य कारणी लागले असे समजावे. तो रकाना कोरा असेल, तर निवाऱ्यातील सर्व खाटा भरलेल्या असूनही काम अर्धेच झाले आहे.